फुलीचं घर

पल्स पोलिओ म्हटलं की आपल्याला रविवारचा बूथ आठवतो. शाळेचा व्हरांडा, टेबलावर बर्फाच्या पॅकांचा लसीचा डबा, बाळाच्या तोंडात दोन थेंब आणि डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण. ही मोहीम बूथवर सुरू झाली, पण जिंकली गेली ती सोमवारपासून. बूथवर न आलेल्या मुलांच्या शोधात सेविका घरोघर फिरायला लागल्या, तिथून.

प्रत्येक घर झालं की दारावर किंवा भिंतीवर खडूनं खूण करायची. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी 'पी'. एक जरी मूल राहिलं तर फुली. सोबत तारीख, घराचा क्रमांक आणि पुढं कुठल्या दिशेला जायचं ते दाखवणारा बाण. घराला कुलूप असेल, बाळ आजोळी गेलं असेल, तापानं फणफणलं असेल किंवा घरच्यांनी साफ नकार दिला असेल. कारण काही असो, फुली ती फुलीच. ती टॅली शीटवर चढते, संध्याकाळच्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर येते आणि त्या दाराशी पुन्हा कुणीतरी जातं. माझ्या मते भारताच्या पोलिओ मोहिमेचं सगळं सामर्थ्य या फुलीत आहे. किती मुलांना डोस दिला, हे कुठलंही सरकार अभिमानानं सांगतं. कोण राहिलं, हे रोज स्वतःच्या हातानं लिहून काढणं फार अवघड असतं.

देशभरातली पहिली फेरी 9 डिसेंबर 1995ला झाली, दुसरी 20 जानेवारी 1996ला. तेव्हा तीन वर्षांपर्यंतची मुलं घेतली होती. पुढं वय पाचपर्यंत वाढवलं. 1999पासून घरभेटी सुरू झाल्या. पूर्ण देशाच्या एका फेरीत जवळपास 17 कोटी मुलं आणि 23 लाखांच्या आसपास लस पाजणारे, एवढा हा पसारा. तरीही 2002 साली देशात 1600 रुग्ण निघाले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात. 2009 सालीसुद्धा 741 रुग्ण होते. जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्मे.

इतकं करूनही रोग का हटत नव्हता? उत्तर प्रदेशात मूल सापडत होतं, डोस मिळत होता, पण लागू पडत नव्हता. दाट वस्ती, उघडी गटारं, सततची हगवण. अशा पोटात तोंडावाटे दिलेली लस टिकाव धरत नाही. तीन प्रकारांच्या विषाणूंवरच्या जुन्या लसीचा एक डोस पहिल्या प्रकारापासून उत्तर प्रदेशातल्या शंभरांतल्या नऊच मुलांना वाचवत होता. देशात इतरत्र हेच प्रमाण एकवीस होतं. म्हणून तिथं पुन्हा पुन्हा फेऱ्या काढाव्या लागल्या. आणि लोक विचारायला लागले, की गावाला रस्ता नाही, डॉक्टर नाही, मग दर महिन्याला हे थेंबच का? थेंबांनी मुलं पुढं निपुत्रिक होतात ही अफवा याच रागावर पोसली गेली. तो राग मला अवास्तव वाटत नाही. ज्या दाराशी सरकार एरवी कधीच येत नाही, तिथं ते एकाच गोष्टीसाठी वारंवार आलं तर संशय येणारच.

त्याला उत्तर मिळालं ते बायकांकडून. युनिसेफ आणि सोबतच्या संस्थांनी उत्तर प्रदेशात वस्तीतल्याच हजारो जणी नेमल्या. नकार देणाऱ्या घरात त्या फेरीच्या दिवशी उगवत नसत; आधी महिनाभर जात-येत असत. कोण गरोदर आहे, कुणाकडं नवं बाळ आलं, हे त्यांच्या वहीत असे, म्हणून नवजात मूल पहिल्याच फेरीत यादीत येई. मशिदींतून आवाहनं झाली, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया हमदर्दची माणसं पुढं आली. मुलांच्या 'बुलावा टोल्या' गल्लीगल्लीतून बूथकडं पोरं गोळा करत. पुढं उत्तर प्रदेश आणि बिहारमधले 107 विकास गट (ब्लॉक) निवडून तिथं थेंबांबरोबर हात धुणं, हगवणीवरचे उपचार, स्तनपान आणि नेहमीचं लसीकरण हेही हाती घेतलं. हे आधीच व्हायला हवं होतं.

बिहारमध्ये अडचण निराळी. कोसी नदी पात्र बदलते, वस्त्या हलतात, पावसाळ्यात गावं तुटतात. तिथं पथकं दियाऱ्यातच, म्हणजे नदीपात्रातल्या गाळाच्या जमिनीवरच, मुक्काम ठोकून काम करत. बर्फ वितळला तर लस वाया, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती खरोखर बिघडली की नाही हे कुपीच सांगे. कुपीवर एक वर्तुळ असतं, त्यात फिकट चौकोन. उष्णतेनं चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. होडीतल्या सेविकेला यासाठी थर्मामीटर लागत नाही.

जानेवारी 2010मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारावर मिळून काम करणारी नवी लस आली आणि त्या वर्षी रुग्ण 42वर उतरले. आपल्याकडं मालेगावात त्याच वर्षी पोलिओ निघाला. मुंबईचा या कामाशी संबंध जुना. परळच्या हाफकिनमधून पोलिओ लस जाते आणि परळच्याच विषाणू संशोधन केंद्रात शौचाचे नमुने तपासले जातात. हातपाय अचानक लुळे पडलेल्या प्रत्येक मुलाचे, चोवीस तासांच्या अंतरानं घेतलेले दोन नमुने. विषाणू सापडला तर त्याची जनुकीय जुळणी पाहून तो कुठल्या भागातून आला हे काढता येतं. मुंबईच्या सांडपाण्यातही विषाणू शोधला गेला. एकही मूल लुळं पडलेलं नसताना तो शहरात फिरतोय का, हे त्यावरून कळे.

शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011चा, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. तिला थेंब मिळालेले नव्हते. 27 मार्च 2014ला भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशन इंद्रधनुष्य सुरू झालं. नेहमीच्या लसीकरणातून सुटलेली मुलं शोधायला पोलिओवाल्यांनी बनवलेल्या याद्याच कामी आल्या: वीटभट्ट्या, बांधकामांवरच्या झोपड्या, भटक्यांची पालं. आपल्याकडं ऊसतोड कामगारांच्या कोप्यांचीही अशीच नोंद ठेवावी लागते. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की कोप्या नव्या जागी पडतात, गेल्या वर्षीची यादी तिथं चालत नाही. ती दर हंगामाला चालत जाऊन नव्यानं करावी लागते, आणि ते काम आजही नाममात्र मोबदल्यावर आशाताईच करतात.