कातडी मागे ओढू नका

बाळाला तेल लावून न्हाऊ घालताना शिश्नाची पुढची कातडी रोज थोडी मागे ओढावी, म्हणजे ती ‘मोकळी’ होते, असा सल्ला महाराष्ट्रात काय किंवा भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या मराठी घरात काय, कुणी ना कुणी देतंच. कृपया तो ऐकू नका.

जन्मतः ही कातडी शिश्नाच्या टोकाला चिकटलेलीच असते. ती आपोआप, सावकाश सुटते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये नोंदवलं, की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागे जाते. डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी १९६८ मध्ये शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या सुमारे ८ टक्के मुलांची कातडी घट्ट होती. सोळा-सतराव्या वर्षी हे प्रमाण १ टक्क्यावर आलं. जबरदस्तीने ओढलं तर बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो आणि कातडी खरोखरच आवळते.

लहानपणी बाहेरून साधं पाणी पुरे. आत दिसणारे पांढरे कण म्हणजे झडलेल्या पेशी, पू नव्हे. कातडी सहज सरकू लागली, की मुलालाच शिकवा: दुखणार नाही इतकीच मागे घे, पाण्याने धू, पुन्हा पुढे आण. हे वडिलांनी न लाजता सांगावं. ही जागा खासगी आहे, हेही तेव्हाच सांगावं.

लघवीला दुखणं, सूज, पांढरट कडक कडा दिसल्यास डॉक्टरांना दाखवा. मागे गेलेली कातडी पुढे येईना, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.