सात आणि बारा यांच्यामध्ये

सातबारा हा एक कागद नव्हे, दोन नमुने आहेत. सातवर जमीन कोणाची ते लिहिलेले असते; बारावर तिच्यात काय पेरले ते. सरकारी मदतीचा पैसा शेतकऱ्यापर्यंत कसा पोचतो आणि कुठे अडतो, हे पाहायचे तर या दोहोंमधल्या फटीतच डोकावावे लागते.

फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6000 रुपये मिळतात, 2000 च्या तीन हप्त्यांत. आरंभी दोन हेक्टरची मर्यादा होती. ती त्याच वर्षी उठली. आयकर भरणारे आणि मोठे निवृत्तिवेतन घेणारे वगळले. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. नाव 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी सातवर चढलेले हवे. नंतरचे चालते ते वारसाहक्काने आले तरच. म्हणजे प्रश्न एकच विचारला जातो, तोही सातला. बाराला कोणी विचारत नाही.

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे संत्रा, रामटेक-मौद्याकडे धान, भिवापूरकडे मिरची. या गावांतून जमीन ठेक्याने किंवा बटईने कसणारे पुष्कळ. मालक नागपूरला राहतो, शेत दुसराच करतो. बियाण्याचे, मजुरीचे पैसे कसणाऱ्याने घालायचे, पाऊस चुकला तर तोटाही त्याचाच. बटईत निदान तो वाटून तरी घेतला जातो, ठेक्यात तेही नाही. हप्ता मात्र मालकाच्या खात्यात. यात मालकाने काही लबाडी केली असे नव्हे. नियमाप्रमाणे शेतकरी तोच.

मग करार लिहून का ठेवत नाहीत? याचे उत्तर जुने आहे. विदर्भाला स्वतंत्र कूळकायदा मिळाला तो 1958 साली. कसणाऱ्याला संरक्षण देणे हा त्याचा हेतू. पण लिहून दिले की कूळ लागेल, ही भीती मालकांच्या मनात अशी बसली, की व्यवहार तोंडीच राहिला. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी आलेल्या कायद्याच्या धाकानेच त्याचे नाव कागदावरून गेले. पुढे 2016 मध्ये नीती आयोगाने जमीन भाड्याने देण्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा काढला. त्यातही मुख्य खटपट मालकाची हीच भीती घालवण्याची होती.

बायकांची गोष्ट याहून साधी. शेतात राबणारी ती, सातवर नाव त्याचे. तो गेल्यावर वारसाचा फेरफार होईपर्यंत तिच्या नावाने काहीच येत नाही.

नाव असले तरी वाट सरळ नाही. सातबाऱ्यावरचे मराठी नाव आणि आधारवरचे इंग्रजी स्पेलिंग जुळावे लागते, ई-केवायसी करावी लागते, आणि पैसा जातो तो आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. दुसरे खाते उघडून विसरलेला माणूस पहिल्याच बँकेत पासबुक भरून घेत राहतो.

राज्याने 2023 मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीची भर घातली, आणखी 6000. यादी मात्र पीएम-किसानचीच घेतली. त्यामुळे जो आत होता त्याला दुप्पट मिळू लागले. जो बाहेर होता त्याचे नुकसानही दुप्पट झाले.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. ओडिशाने 2018 च्या अखेरीस आणलेल्या ‘कालिया’ योजनेत बटईदार आणि भूमिहीनही धरले होते. आपल्याकडे 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते, शेतात उभे राहून पिकाचा फोटो घेतात. बारा भरला जातो. पण तोही सातवरच्या नावाखालीच.