जुन्या पिकअपचा इंडिकेटर स्विच बदलताना

आपल्या मंडळातील एका कुटुंबाकडे 1960 च्या दशकातली एक पेट्रोल पिकअप आहे. घरचे आजोबा आज चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी चाळीस वर्षे ती चालवली. गणपतीत मखराचे सामान, पाट, सतरंज्या, ढोल आणि वर बसलेली मुले, असा तिचा भार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे.

मागच्या वर्षी विसर्जनाहून परतताना ती दांडिया बाजाराच्या बाजूला उजवीकडे वळत होती. दिवेलागणीची वेळ होती. चालवणाऱ्याने इंडिकेटरची दांडी ओढली होती, पण दिवा लागलाच नव्हता. मागून एक बाई आपल्या मुलीला घेऊन स्कूटरवरून येत होत्या. पिकअप सरळ जाणार असे समजून त्या उजव्या बाजूने पुढे आल्या आणि अचानक ब्रेक लावावा लागून दोघी पडल्या. मुलीचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. हाड नीट जुळले हे आपले नशीब.

त्या दिवसापासून गाडीवर ताडपत्री पडली. घरात दोन मते झाली. मुलगा म्हणाला, आता विकून टाकू. नातू म्हणाला, दुरुस्त करू, मी चालवीन. आजोबा एवढेच म्हणाले, "मी हात बाहेर काढायचो. याला ते शिकवलं नाही, चूक माझी." हे ऐकल्यावर आम्ही तिघा निवृत्तांनी काम हाती घेतले. आमच्यात दोन बँकवाले आणि एक कारखान्यातले इलेक्ट्रिशियन. हा लेख त्या कामाचा हिशेब आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी जीप, मॅटॅडोर किंवा फियाट उभी आहे त्यांना तो उपयोगी पडावा.

हातापासून दिव्यापर्यंत

वळण्याची खूण पूर्वी हातानेच करत. उजवीकडे वळायचे तर उजवा हात आडवा बाहेर काढायचा. डावीकडे वळायचे तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. मॉरिससारख्या इंग्रजी गाड्यांना दरवाजाच्या खांबातून बाहेर पडणारा छोटा लाल-पिवळा हात असे. मिचकावणारे दिवे कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेत ब्युइक कंपनीने 1939 च्या गाड्यांपासून केली.

आपल्याकडे अमेरिकी धर्तीच्या ट्रक आणि पिकअप मुंबईमार्गे आल्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना 1928 ते 1954 चालला. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो निघू लागल्या, आणि महिंद्रने 1947 मध्ये विलीस जीप जोडायला घेतली. त्या काळच्या अनेक गाड्यांना इंडिकेटर नंतर बसवलेला असतो. आमच्या पिकअपचेही तसेच होते. स्टिअरिंगच्या नळीवर पट्टीने आवळलेला छोटा डबा, त्याला एक दांडी आणि टोकाला बारीक दिवा.

आजचा नियम साधा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे इंडिकेटर पिवळसर, म्हणजे अंबर रंगाचा हवा आणि तो मिनिटाला 60 ते 120 वेळा मिचकावला पाहिजे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेव्हाही हे दिवे पाहिले जातात.

आमची चूक

सुरुवातीला आम्ही जे केले ते कोणी करू नये. डावा इंडिकेटर ठीक, उजवा कधी लागे कधी नाही. आम्ही बल्ब बदलले. मग कोणीतरी म्हणाले फ्लॅशर गेला असेल, म्हणून फ्लॅशर बदलला. तोही खराब निघाला असेल असे वाटून दुसरा आणला. एका मिस्त्रीने पूर्ण वायरिंग नवीन करायला सांगितले. चार बल्ब आणि दोन फ्लॅशर फुकट गेले, आणि दोष जिथल्या तिथे.

बँकेत ताळेबंद जुळला नाही की आम्ही अंदाजाने आकडे बदलत नव्हतो. एकेक व्हाउचर टिक करत जायचो, बरोबर असलेले बाजूला काढायचो, आणि फरक उरलेल्यात सापडायचा. इथे मात्र ती सवय आम्ही विसरलो होतो.

वीज कशी जाते ते एकदा नीट पाहिले की गुंता सुटतो. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून फ्लॅशर, फ्लॅशरमधून स्विच. स्विचपासून दोन वाटा फुटतात, एक डाव्या दिव्यांकडे, एक उजव्या. दिव्यातून वीज गाडीच्या पत्र्यात, म्हणजे अर्थमध्ये जाते आणि बॅटरीला परत येते. जुन्या फ्लॅशरमध्ये धातूची पट्टी असते. प्रवाहाने ती तापते, वाकते, जोड सुटतो. थंड झाली की पुन्हा जोडला जातो. म्हणूनच एक बल्ब गेला तरी लय बिघडते. फ्लॅशर कोणत्या जातीचा आहे त्यावर दिवा एकतर घाईघाईने मिचकावतो किंवा एकटक जळत राहतो.

आता हाच तर्क लावा. डावी बाजू नीट चालते, म्हणजे फ्यूज आणि फ्लॅशर चांगले आहेत, कारण ते दोन्ही बाजूंना सामाईक आहेत. फ्लॅशर बदलायचे कारणच नव्हते. राहिली स्विचपासून पुढची उजवी वाट.

ती आम्ही दोन चाचण्यांत तपासली. पहिली, उजव्या बाजूची वायर स्विचमधून सोडवली आणि मध्ये फ्यूज घातलेल्या वायरने तिला बॅटरीची वीज दिली. पुढचा-मागचा दोन्ही दिवे स्थिर लागले. म्हणजे वायर, बल्ब, अर्थ सगळे ठीक. दुसरी, फ्लॅशरकडून स्विचला येणारी वायर आणि उजवी वायर एकमेकींना थेट जोडल्या, म्हणजे स्विच वगळला. दिवे लयीत मिचकावू लागले. दोष स्विचमध्येच होता.

उघडून पाहिले तेव्हा कारणही दिसले. 21 वॉटचा एक बल्ब 12 व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. दोन बल्बांचे साडेतीन. हा सारा प्रवाह मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा पितळेच्या एका पट्टीतून जातो. जोडापाशी ठिणगी पडून काजळी साचते, ग्रीस वाळते, पट्टीचा ताण जातो. आमची उजवी पट्टी काळी पडून सैल झाली होती. दांडी बोटाने दाबून धरली तर दिवा लागे, सोडली की जाई. बारीक पॉलिश पेपरने घासून आम्ही ती पुन्हा बसवली. चार दिवस चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. धातूतला ताण गेला की घासून परत येत नाही. म्हणून स्विच बदलायचे ठरले.

स्विच घेताना

अगदी मूळ स्विच मिळाला नाही. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातही विचारून पाहिले. शेवटी नळीवर आवळायचा सर्वसाधारण स्विच घेतला. घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गाडी 6 व्होल्टची की 12 ची. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच अमेरिकी गाड्या 6 व्होल्टच्या आहेत. त्यांत त्याच वॉटला दुप्पट प्रवाह लागतो. फ्लॅशर आणि बल्ब व्होल्टप्रमाणेच घ्यावे लागतात.

दुसरी, वायरी किती. मागे इंडिकेटरचा वेगळा दिवा असेल तर स्विचला मुख्यतः तीनच वायरी लागतात: एक येणारी, एक डावी, एक उजवी. पण अमेरिकी पद्धतीच्या काही गाड्यांत मागचा एकच लाल दिवा ब्रेकचाही असतो आणि वळणाचाही. तिथे ब्रेकची वीजही याच स्विचमधून जाते आणि सात वायरींचा स्विच लागतो. अशा गाडीत एका बाजूचा ब्रेकदिवा लागत नसेल आणि बल्ब चांगला असेल, तर संशय आधी या स्विचवर घ्यावा.

तिसरी, नळीची जाडी. पट्टी सैल राहिली तर दांडीबरोबर अख्खा डबा फिरतो.

मूळ रूपाचा प्रश्न नातवाने विचारला. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता, तिथे त्याने एकेक स्क्रू मूळचा जपलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. 2021 च्या केंद्रीय नियमांतही विंटेज म्हणून नोंदवायची गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. पण तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. आपली पिकअप साध्या नोंदणीची आहे आणि रस्त्यावर येते. रस्त्यावर येणाऱ्या गाडीला आधी चालणारा स्विच हवा. जुना स्विच आम्ही साफ करून डबीत ठेवला आहे. नव्यासाठी नळीला एकही भोक पाडले नाही, त्यामुळे पुढे कोणाला जुना बसवावासा वाटला तर वाट मोकळी आहे.

बदलण्याचा क्रम

1. बॅटरीचे पत्र्याला जोडलेले टोक आधी सोडवावे. बहुधा ते निगेटिव्ह असते, पण काही जुन्या इंग्रजी गाड्यांत पॉझिटिव्ह असते. पाहूनच सोडवावे.

2. वायरी सोडवण्यापूर्वी फोटो काढावा आणि प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावा. साठ वर्षांत सगळे रंग मातकट होतात.

3. नवा स्विच बसवण्यापूर्वी मल्टीमीटरवर तपासावा. डावीकडे केला तर फक्त डावी वाट जुळावी, उजवीकडे केला तर फक्त उजवी, मध्ये ठेवला तर कोणतीही नाही. आम्ही हे टेबलावरच केले.

4. टोकांना लग दाबून बसवावेत आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी घालावी. वायरी पिळून काळी टेप गुंडाळू नये. बडोद्याच्या उन्हात तिचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो.

5. वायरी बांधल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. कुठे ओढ बसत असेल किंवा चिमटत असेल तर पुन्हा बांधावे.

6. ज्या गाडीत स्विच नळीच्या आत असतो तिथे स्टिअरिंगचे चाक काढावे लागते. चाक आणि दांडा यांवर खूण करून पुलरनेच काढावे. हातोडी मारू नये. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे असे आमचे मत आहे.

यात एकदा आमची फजिती झाली ती सांगून टाकतो. स्विच नळीच्या डाव्या बाजूसाठी बनवलेला होता, आम्ही तो जुन्या जागी, उजवीकडे बसवला. बॅटरी जोडली, उजवीकडे म्हणून दांडी खाली केली तर डावे दिवे लागले! नियम असा की चाक ज्या दिशेने फिरवणार त्याच दिशेने दांडी जावी. उजव्या बाजूच्या दांडीला उजवे वळण म्हणजे खाली, डाव्या बाजूच्या दांडीला उजवे वळण म्हणजे वर. दोन वायरींची अदलाबदल केली आणि सरळ झाले. चुकीच्या बाजूचा दिवा हा न लागणाऱ्या दिव्यापेक्षा घातक, म्हणून ही तपासणी चुकवू नये.

शेवटची तपासणी

सगळे झाल्यावर नातू गाडीत बसला आणि आजोबा काठी टेकत गाडीभोवती फिरले. डावा पुढे, डावा मागे, उजवा पुढे, उजवा मागे. मग हेडलाइट लावून आणि ब्रेक दाबून पुन्हा तेच. अर्थ कच्चा असेल तर एक दिवा लागताना दुसरा मंद होतो, ते अशा वेळीच कळते. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला 84. मग आजोबांनी नातवाला शेजारी बसवून दोन्ही हातखुणा करून दाखवल्या आणि त्याच्याकडून दहा-दहा वेळा करून घेतल्या.

बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची अशी पद्धत होती. या गाडीलाही आम्ही ती लावली आहे. बाहेर काढण्यापूर्वी एक जण आत बसतो, दुसरा फिरून चारही दिवे पाहतो. दांडीच्या टोकाचा बारीक दिवा पाहून भागत नाही. आत बसलेल्याला आपण खूण केली असे वाटते, ती पोचली की नाही हे बाहेरचाच सांगू शकतो. मागच्या वर्षी हेच दोन मिनिटांचे काम राहून गेले होते.

मुलाने विक्रीचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. त्या मुलीच्या घरी आजोबा आणि नातू दोघे जाऊन आले. तिने मनगट फिरवून दाखवले आणि विचारले, "आता दिवा लागतो का?" नातवाने तिला खाली नेऊन गाडीच्या मागे उभे केले आणि दांडी खाली ओढली.

आपल्यापैकी कोणाकडे जुनी गाडी उभी असेल आणि अशी तपासणी करायची असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. रविवारी सकाळी आम्ही तिघे मोकळे असतो. टेस्ट लॅम्प आणि मल्टीमीटर आमचा, चहा आपला.