भोकच मोजपट्टी!

'एमजी मिजेट' ही दोन आसनांची बुटकी मोटार १९६१ ते १९७९ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे बनत असे. तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल घालायचे तर बॉनेट कशाला उघडता? आत बसा, मधल्या उंचवट्यावरचा गालिचा उचला, रबरी बूच काढा. गिअरबॉक्सच्या कुशीत आट्यांचे दुसरे बूच दिसेल. तेही काढा.

तेल या भोकातून ओघळू लागले की पातळी पुरी झाली. गाडी मात्र सपाटीवरच हवी. उतारावर हे भोक खोटे बोलते!

तळची दंतचक्रे तेलात बुडून ते वरच्यांवर उडवतात. तेल कमी पडले तर दाते झिजतात. जास्त झाले तर ते पुढच्या दांड्यालगत झिरपून क्लचच्या तबकडीवर पोचते. मग ऐन चढावर एंजिन गुरगुरते, पण गाडी हलत नाही.