चंदनसारहून लिस्बनला

येत्या मेच्या सुटींत घरांतल्या सर्वांनीं मिळून एकदां युरोपांत जाऊन यावें, असें आमच्या चंदनसारच्या घरीं ठरलें, तेव्हां पहिला पेंच पडला तो पैशांचा नव्हे. धाकट्या भावजींनीं एक छापील पत्रक आणलें होतें. आठ दिवसांत चार राजधान्या, रोज सकाळीं सातला सामान बांधून गाडींत. तें ऐकून सासूबाई शांतपणें म्हणाल्या, “तुम्ही सारीं जा. मी घर राखीन.” त्यांचें वय शहात्तर, गुडघे दुखरे. कोणीच कांहीं बोलेना. एकत्र राहतों म्हणून चारचौघांत अभिमानानें सांगावें आणि पहिल्याच बेताला घरांतलें सर्वांत वडील माणूस गळावें, याची मला मनांतून लाज वाटली. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं सुचविलें कीं, चार शहरें नकोत. एकच पाहूं, पण आईंसह पाहूं.

शहर लिस्बन ठरलें, याचें कारण आमच्या दाराशींच आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं ती घेतली. मधलीं दोनशेंहून अधिक वर्षें या मुलखाचा धनी लिस्बनचा राजा होता. आमचे मामंजी इतिहास शिकवीत. किल्ल्यांतील बिनछपराच्या चर्चांपुढें उभे राहून ते मुलांना विचारीत, “हें बांधणाऱ्यांचें गांव कसें असेल?” त्यांचें तें पाहणें राहूनच गेलें. म्हणून आमच्या तयारीचा आरंभ झाला तो एका रविवारीं वसईच्या किल्ल्यांत. येथल्या चर्चांच्या घंटांपैकीं एक भीमाशंकरास आणि एक नाशिकला नारोशंकराच्या देवळांत आहे, हें ऐकून मुलांनीं त्या दोन्ही ठिकाणांची मागणी लगेच नोंदविली!

वसईच्या त्या उघड्या भिंतींचें जोडचित्र लिस्बनमध्यें आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं, त्या शहराला भूकंपानें हादरविलें. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आग. कार्मो मठाच्या चर्चचें छप्पर कोसळलें, तें पुन्हां पुरें झालेंच नाहीं. आजही त्या कमानींवर आकाश आहे. खालचा सपाट भाग पोंबाल या प्रधानानें सरळ रस्ते आखून नवा वसविला आणि घरांच्या भिंतींत लांकडी सांगाडे घातले, कीं धक्का बसला तर घर हलेल, पण कोसळणार नाहीं. आमच्याकडील पडझड मात्र तशीच राहिली. एकाच राज्याचीं हीं दोन ठिकाणें. कोणतें पुन्हां उभें राहिलें आणि कां, हें मुलांनीं डोळ्यांनीं पाहावें, एवढ्यासाठींसुद्धां मी हा प्रवास करीन.

तेजो नदीच्या कांठीं बेलेंचा बुरूज आहे. त्याच्या एका कोपऱ्यावरील टेहळणीच्या खोपीखालीं दगडी गेंड्याचें मुंडकें आहे. गुजराथच्या सुलतानानें दिलेला खरा गेंडा १५१५ च्या मे महिन्यांत जहाजानें लिस्बनला उतरला होता. जर्मनींत ड्यूररनें तो न पाहतां, दुसऱ्याच्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचें प्रसिद्ध चित्र काढलें. माझ्या धाकट्या पुतण्याला या गेंड्यापलीकडे लिस्बनमध्यें कांहीं आहे असें वाटतच नाहीं. जवळच्या जेरोनिमो मठांत वास्को द गामाची समाधि आहे. आणि जिच्या विवाहाच्या १६६१ च्या तहानें मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, ती ब्रगांझाची कॅथरीन सां व्हिसेंतच्या चर्चशेजारीं राजघराण्याच्या दफनगृहांत आहे.

शहर टेंकड्यांचें, पदपथ गुळगुळीत दगडांचे. म्हणून रोज दुपारपूर्वीं एकच स्थळ, मग विश्रांति, आणि उन्हें उतरल्यावर नदीकांठ, असा नेम केला आहे. मेअखेरीस तेथें रात्रीं साडेआठलाही उजेड असतो. जेरोनिमो सोमवारीं बंद असतो, हें मुद्दाम लक्षांत ठेविलें आहे. अठ्ठावीस क्रमांकाची जुनी ट्राम सकाळीं लवकरच गांठावयाची, कारण पुढें गर्दी होते आणि खिसेकापू त्या गर्दीचीच वाट पाहतात. ३ सप्टेंबर २०२५ रोजीं ग्लोरिया चढणीवरची दोरानें ओढली जाणारी गाडी घसरून सोळा माणसें दगावलीं, हें वाचल्यापासून चढणीसाठीं टॅक्सीच करावयाची असें ठरलें.

खाण्याचें प्रकरण नाजूक. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले असले, तरी त्यांच्या हिरव्या भाजीच्या सूपमध्यें बहुधा मांसाची चकती असते, आणि प्रसिद्ध नाता पेस्ट्रींत अंड्याचा बलक. स्वयंपाकघर असलेली जागा घेणेंच बरें. मेतकूट चालेल, पण दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघांत नेऊं देत नाहींत, म्हणजे साजूक तूप येथेंच राहणार. याचें आईंना फार वाईट वाटलें. तेथें लोणी मिळतें, असें कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग एक जाड बुडाचें पातेलें घ्या.” लुमियार भागांत तेथील हिंदु समाजाचें राधाकृष्णाचें मंदिर आहे, एक सकाळ त्यासाठीं राखली आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधीं सहा महिन्यांपासून करतां येतो. पंधरा दिवसांपेक्षां उशीर चालत नाहीं. प्रौढाचें शुल्क नव्वद युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाचें पंचेचाळीस. नकार आला तरी तें परत मिळत नाहीं. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. आमच्या एका आप्तांनीं दलालाच्या आग्रहावरून व्हिसा मिळण्यापूर्वींच परत न होणारीं तिकिटें काढलीं आणि सारे पैसे घालविले. आम्हीं नुसतें आरक्षण केलें आहे.

आईंचें पारपत्र गेल्या आठवड्यांत टपालानें आलें. त्यांनीं तें मामंजींच्या तसबिरीपुढें ठेविलें, आणि संध्याकाळीं नेहमींप्रमाणें अर्धा तास चालावयास बाहेर पडल्या.