खुर्ची मुंबईत, मतदारसंघ पुसदला

मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना एक निनावी फोन येतो. पलीकडचा माणूस नाव सांगत नाही. तुम्हाला खाली खेचण्याचा कट शिजतो आहे, एवढेच सांगून तो फोन ठेवतो. १९७९ साली आलेल्या डॉ. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन'ची सगळी गाडी या एका फोनवर सुटते. फोन कोणी केला हा प्रश्न पुढे गौण होत जातो, कारण कटात कोण नाही हेच शोधणे अवघड होऊन बसते.

राजकीय कारस्थानाच्या परदेशी चित्रपटांत बहुधा एक प्रेत असते. कोस्टा-गाव्रासच्या 'झेड'मध्ये विरोधी नेत्याचा खून होतो आणि तपास त्याभोवती फिरतो. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'मध्ये खून नाही, पण निदान घरफोडी आहे, म्हणजे गुन्हा म्हणून नोंदवता येईल असे काहीतरी आहे. 'सिंहासन'मध्ये स्मगलर आहेत, कामगारांचा संप आहे, झोपडपट्टी आहे. पण मधोमध जो कट आहे त्यातली एकही गोष्ट बेकायदा नाही. आमदार मोजणे, राजीनामा खिशात ठेवणे, एका गटाच्या माणसाला दुसऱ्या गटाच्या बंगल्यावर चहाला जाताना कोणी पाहिले याची दखल घेणे हे सगळे कायदेशीर आहे आणि त्यातले बरेचसे कार्यालयीन वेळेत चालते. मराठी राजकारण जवळून पाहिलेल्या माणसाने लिहिल्याशिवाय असा कट सुचत नाही.

तो माणूस परतवाड्याचा. अरुण साधू यांचा जन्म १९४१ सालचा, अमरावती जिल्ह्यातला. पुढे मुंबईत इंग्रजी दैनिकांत बातमीदारी. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या त्यांच्या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत गुंफल्या. चित्रपटातले गीत सुरेश भटांचे, तेही अमरावतीचे. मुंबईच्या सत्तेचे आजवरचे सर्वांत नेमके चित्र ज्या चित्रपटात आहे, त्याची कथा आणि कविता दोन्ही वऱ्हाडातून गेल्या, हे पुण्या-मुंबईत फारसे कोणी ध्यानात घेत नाही. यवतमाळात मात्र या चित्रपटाकडे पाहण्याला आणखी एक कारण आहे. साधू मुंबईत बातम्या गोळा करत होते त्या काळाचा मोठा भाग मुख्यमंत्रिपदावर पुसद तालुक्यातल्या गहुलीचा माणूस होता.

जिवाजीराव म्हणजे वसंतराव नाईक, असे मला म्हणायचे नाही. कादंबरीतल्या माणसांची खरी नावे ओळखण्याचा खेळ त्या काळी रंगला असेल; कामगारपुढारी डिकास्टात जॉर्ज फर्नांडिस दिसतात असे तर आजही म्हटले जाते. पण या खेळाने हाती फार काही लागत नाही. साधूंनी माणसे नव्हे, खुर्चीभोवतीच्या हालचाली टिपल्या. म्हणून तर चित्रपटातल्या मुख्यमंत्र्याचे आडनाव शिंदे आहे याची गंमत २०२२ च्या जूनमध्ये, शिंदे आडनावाच्याच नेत्यासोबत आमदार सुरत आणि गुवाहाटीकडे निघाले तेव्हा, महाराष्ट्राला नव्याने वाटली.

नाईकांची खुर्ची मुळात आलीच एका पेचातून. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच वारले. पी. के. सावंत यांनी जेमतेम दहा दिवस काम पाहिले. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत होते, पण महाराष्ट्रातल्या काँग्रेसचा दोर त्यांच्याच हातात होता. बाळासाहेब देसाईंसारखे वजनदार दावेदार समोर असताना चव्हाणांचा कौल महसूलमंत्री नाईकांकडे गेला. नाईक विदर्भातले आणि बंजारा समाजातले. त्यांच्यामागे पश्चिम महाराष्ट्रातला कोणताही साखर कारखाना किंवा गट उभा नव्हता. असा माणूस फार दिवस टिकणार नाही, असे वाटणारे बरेच असणार. ५ डिसेंबर १९६३ रोजी शपथ घेतलेले नाईक २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

ज्याचा स्वतःचा गट नाही त्याला सगळे गट एकमेकांविरुद्ध तोलून धरावे लागतात, आणि त्यात नाईक वाकबगार निघाले. पाइप ओढत शांतपणे ऐकून घेणारा, आवाज न चढवणारा मुख्यमंत्री म्हणून त्यांची ख्याती. त्या शांतपणाखाली काय चालले होते याचा एक अंदाज त्या काळच्या टोपणनावावरून येतो. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेला विरोधक 'वसंतसेना' म्हणत. मुंबईतल्या कम्युनिस्ट कामगार संघटनांना शह देण्यासाठी सरकार या नव्या संघटनेकडे काणाडोळा करते, असा तो टोमणा. 'सिंहासन'मध्ये मंत्र्यांच्या हिशेबात कामगारपुढारी हे एक प्यादे होऊन बसते. साठीच्या दशकातली मुंबई पाहिलेल्या प्रेक्षकाला ते पडद्यावर समजावून सांगावे लागले नाही.

यवतमाळ जिल्ह्याची खासियत अशी की मुख्यमंत्री इथला आणि त्याच्या उरावर बसलेला विरोधकही इथलाच. जांबुवंतराव धोटे हे 'सिंहासन'मध्ये मावलेच नसते. तिथे सगळे हळू बोलतात. १९६४ साली धोट्यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला. सभागृहाने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. यवतमाळकरांनी पोटनिवडणुकीत त्यांनाच परत पाठवले. कृषी विद्यापीठ अकोल्यालाच हवे यासाठी १९६७ मध्ये पेटलेल्या आंदोलनात ते आघाडीवर होते. गोळीबार झाला, माणसे मेली, आणि १९६९ साली अकोल्यात विद्यापीठ उभे राहिले. शेतीवर जीव असलेल्या मुख्यमंत्र्याशी शेतीच्याच विद्यापीठावरून भांडणारा त्याच्याच जिल्ह्यातला पुढारी, हा प्रसंग तेंडुलकरांच्या हाती लागता तर काय झाले असते! याच धोट्यांना १९७१ मध्ये नागपूरने फॉरवर्ड ब्लॉककडून लोकसभेत धाडले आणि १९८० मध्ये त्याच नागपूरने इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून. पेपरवेटपासून इंदिरा काँग्रेसपर्यंतचा हा प्रवास ज्याला चमत्कारिक वाटतो त्याने 'सिंहासन' पुन्हा पाहावा.

नाईकांचे जाणे कसे झाले? निवडणुकीत ते हरले नाहीत. १९७२ मध्ये काँग्रेसने राज्य दणदणीत जिंकले होते. त्यानंतर दुष्काळ आला, रोजगार हमीची कामे निघाली, आणि अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालो नाही तर मला फाशी द्या असे १९६५ साली शनिवारवाड्यावर सांगणाऱ्या मुख्यमंत्र्याला परदेशी लाल ज्वारी वाटावी लागली. मुंबईत बॅकबेच्या भूखंडांवरून गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पण खुर्ची यातल्या कशानेही गेली नाही. दिल्लीत इंदिरा गांधींना महाराष्ट्रात दुसरा माणूस हवा होता. फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईक उतरले, शंकरराव चव्हाण बसले. चार महिन्यांत आणीबाणी आली. नाईकांनी बंड केले नाही, पक्ष फोडला नाही. १९७७ ला ते वाशीममधून लोकसभेत गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वारले. 'सिंहासन'ही त्याच वर्षीचा.

चित्रपटात हे सगळे पाहणारा एक बातमीदार आहे, दिगू टिपणीस. निळू फुल्यांनी तो केला. तोवर प्रेक्षक ज्यांना पाहताच शिव्या घालत, ते फुले इथे गबाळ्या कपड्यांत, नजर खाली, सगळे ऐकून घेणारे. जिवाजीराव अरुण सरनाईक, त्यांना आव्हान देणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे डॉ. श्रीराम लागू, डिकास्टा सतीश दुभाषी. शिवाय दत्ता भट, मधुकर तोरडमल, श्रीकांत मोघे, मोहन आगाशे, नाना पाटेकर, रीमा, उषा नाडकर्णी. मराठी रंगभूमीची अर्धी वही इथे हजर आहे. तरी हिंदीतल्या 'मल्टिस्टारर'सारखा इथे प्रत्येकाला टाळीचा प्रसंग वाटून दिलेला नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटीत नट येतात, आपला डाव खेळतात आणि गर्दीत मिसळतात. (दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, लागू कान-नाक-घशाचे, आगाशे मनोविकारतज्ज्ञ. राजकारणाची प्रकृती तपासायला एवढे डॉक्टर एका चित्रपटात क्वचितच जमले असतील.) मला स्वतःला सरनाईकांचे काम लागूंच्याही वर वाटते. तमाशापटांतला देखणा नायक म्हणून ओळखला जाणारा हा नट इथे भ्यायलेल्या माणसाची हुशारी दाखवतो, आणि आपण कधी त्याच्या बाजूने झालो हे कळत नाही. शेवटी दिगूच्या हाती बातमी उरत नाही, वेडसर हसणे उरते.

दिगूला खुर्ची नाही आणि छापखानाही नाही. यवतमाळची वृत्तपत्री परंपरा मात्र नेमकी उलटी आहे. 'लोकमत' हे नाव आधी इथल्या साप्ताहिकाचे, लोकनायक बापूजी अणे यांनी टिळकांच्या प्रभावळीत चालवलेले. वणीचे अणे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आणि बिहारच्या राज्यपालपदापर्यंत गेले. स्वातंत्र्यानंतर ते नाव जवाहरलाल दर्डांनी पुन्हा उभे केले, १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक काढले आणि राज्याच्या मंत्रिमंडळात अनेक खाती सांभाळली. बातमी आणि सत्ता यांच्यात दिगूच्या वाट्याला येते तेवढे अंतर या जिल्ह्याने राखले नाही. यात दोष आहे की सोय, यावर आमच्याकडे दोन्ही बाजूंनी तासन्‌तास बोलणारे भेटतात.

खुद्द चित्रपट कसा घडला याचीही एक राजकीय कथा आहे. चित्रीकरणासाठी मंत्रालयाचे दरवाजे उघडले गेले, आणि ती परवानगी मुख्यमंत्री शरद पवार यांनी दिल्याचे जब्बार पटेल सांगत आले आहेत. पवार त्या पदावर आले १८ जुलै १९७८ रोजी, वसंतदादा पाटलांच्या सरकारातून बाहेर पडून आणि ते सरकार पाडून. म्हणजे खुर्चीच्या कटावरच्या चित्रपटाला कटातून आलेल्या सरकारने स्वतःचे कॉरिडॉर वापरू दिले. आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती जाळल्या गेल्या होत्या. त्याला फार वर्षे लोटली नव्हती. महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांचा हा एक गुण मान्य केला पाहिजे: आपल्यावरचा विनोद ते पहिल्या रांगेत बसून पाहतात. विनोदाने आपले काही बिघडत नाही हे त्यांना ठाऊक असते, असेही कोणी म्हणेल. चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'सरकारनामा' आला, 'झेंडा' आला. पण 'सिंहासन'ची थंड नजर त्यांत नाही.

मग १९९१ उजाडले आणि गहुलीने दुसरा मुख्यमंत्री दिला. नरसिंह राव पंतप्रधान झाले, पवार संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले आणि २५ जून १९९१ रोजी सुधाकरराव नाईकांनी शपथ घेतली. वसंतरावांचे हे पुतणे. गावच्या सरपंचपदापासून वर आलेले. दिल्लीला गेलेला नेता आपला माणूस मुंबईत बसवतो, हा १९६३ चाच डाव पुन्हा मांडला गेला होता. फरक इतकाच की वसंतरावांनी आपल्या नेत्याशी उघड वैर कधी घेतले नाही. सुधाकररावांचे वर्षभरातच बिनसले. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या राजकारण्यांवर त्यांनी कारवाई सुरू केली, त्यावरून पक्षातच आरोप-प्रत्यारोप झाले, आमदार दोन छावण्यांत मोजले जाऊ लागले.

इथवर कथा 'सिंहासन'सारखी चालते. पण ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. जानेवारीत दुसऱ्यांदा पेटली तेव्हा राज्याचा मुख्यमंत्री आणि देशाचा संरक्षणमंत्री एकाच पक्षाचे, एकाच राज्याचे आणि एकमेकांशी अबोला धरल्यासारखे. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने पुढे आपल्या अहवालात नोंदवले की लष्कराला स्पष्ट आदेश देण्यात जानेवारी १९९३ मधले चार मोलाचे दिवस वाया गेले. साधूंच्या कादंबऱ्यांत खुर्चीच्या खेळाची किंमत कोणीतरी अनाम माणूस मोजतो. १९९३ मध्ये ती किंमत शेकडो घरांनी मोजली. सुधाकररावांबद्दल आमच्या जिल्ह्यात जिव्हाळ्याने बोलले जाते. जलसंधारणाचे स्वतंत्र खाते १९९२ मध्ये त्यांच्याच काळात झाले, बांध-बंधाऱ्यांचा ध्यास खरा होता. पण त्या चार दिवसांचा हिशेब त्या ध्यासातून वजा होत नाही. फेब्रुवारीत राजीनामा झाला, ६ मार्चला पवार परतले, १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले.

काका-पुतण्या दोघांनाही मतदारांनी हरवले नाही, दोघेही पक्षाच्या आतून गेले. दोघांनाही आणणारा हात मुंबईबाहेर होता. इथे 'सिंहासन'ची एक उणीव यवतमाळच्या प्रेक्षकाला खटकते. जिवाजीरावांना गाव नाही. त्यांची मते कोण देते, कापसाला भाव पडला की त्यांच्या दारात कोण येते, खुर्ची गेल्यावर ते कुठल्या ओसरीवर जाऊन बसतात, हे चित्रपटात दिसत नाही. तो मुंबईचा चित्रपट आहे आणि मुंबईला राजकारणी फक्त बंगल्यातला ठाऊक असतो. प्रत्यक्षात कट पचवण्याची ताकद मतदारसंघातून येते. सुधाकरराव पद गेल्यावर हिमाचल प्रदेशचे राज्यपाल झाले, तिथून परतले आणि १९९८ मध्ये काकांच्याच वाशीममधून लोकसभेत गेले. २००१ साली ते वारले. १९५२ पासून पुसदची आमदारकी बहुतांश काळ याच घराकडे राहिली. सुधाकररावांचे बंधू मनोहरराव मंत्री झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मनोहररावांचे चिरंजीव इंद्रनील यांनी राज्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांचा पक्ष मधल्या काळात फुटला होता. पुसदने उमेदवाराचे चिन्ह पाहण्याआधी आडनाव पाहिले.