साधनचालक, वापरकर्ता-क्षेत्रातील

संगणकाला जोडलेल्या साधनाशी (उदा., मुद्रक, तापमान-संवेदक) संदेशांची देवघेव करणाऱ्या आणि ते साधन इतर आज्ञावलींना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध करून देणाऱ्या आज्ञावलीस साधनचालक म्हणतात. हा चालक परिचालन प्रणालीच्या गाभ्यात म्हणजे कर्नेलमध्ये न ठेवता सामान्य आज्ञावलीप्रमाणे गाभ्याबाहेर चालविल्यास तो वापरकर्ता-क्षेत्रातील साधनचालक होय. असे चालक बहुधा सी भाषेत लिहितात; कारण या भाषेत स्मृतीतील पत्त्यांवर व एकेका बिटवर थेट क्रिया करता येते.

प्रयोजन : गाभ्यात चालणाऱ्या आज्ञावलीला सर्व स्मृती व सर्व साधने खुली असतात, वापरकर्ता-क्षेत्रातील आज्ञावलीला केवळ तिला नेमून दिलेली स्मृती वापरता येते. गाभ्यातील चालकाने चुकीच्या पत्त्यावर लेखन केल्यास सबंध संगणक बंद पडू शकतो. हीच चूक वापरकर्ता-क्षेत्रात घडली, तर गाभा तेवढीच आज्ञावली थांबवितो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लिनक्स गाभ्याच्या इतर भागांच्या तुलनेत चालकांमध्ये काही प्रकारच्या दोषांचे प्रमाण तीन ते सात पट आढळले. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-आज्ञावलीच्या, गाभ्यात चालणाऱ्या भागाने मर्यादेबाहेरील स्मृती वाचल्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि विमानसेवा, रुग्णालये व बँका यांचे व्यवहार विस्कळित झाले. तो भाग साधनचालक नसला, तरी गाभ्यातील एका चुकीचे परिणाम कोठवर पोहोचतात हे त्यावरून दिसून येते.

साधा चालक : केनेथ टॉमसन व डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ पासून विकसित केलेल्या यूनिक्स प्रणालीत साधनांना फाइलींचे रूप देण्यात आले. लिनक्सनेही (१९९१) हीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे फाइल उघडणे, वाचणे व तिच्यात लिहिणे या परिचित क्रियांनी साधन हाताळता येते. उदा., एलएम ७५ हा तापमान-संवेदक आय-टू-सी या दुतारी संदेशमार्गावर जोडतात. चालक त्या मार्गाची फाइल उघडतो, ‘आयओसीटीएल’ या आवाहनाने संवेदकाचा पत्ता (पत्त्याच्या तिन्ही टाचण्या भूमीला जोडल्या असल्यास ७२) सांगतो आणि दोन बाइट वाचतो. पहिला बाइट पूर्ण अंश सेल्सिअस व दुसऱ्याचा सर्वोच्च बिट अर्धा अंश दर्शवितो. म्हणून २५ आणि १२८ हे बाइट मिळाल्यास तापमान २५.५° से. होय. तापमान शून्याखाली जाऊ शकते, म्हणून पहिला बाइट चिन्हयुक्त संख्या म्हणून घ्यावा लागतो. संदेशमार्गाच्या नियंत्रकाचा चालक मात्र गाभ्यातच राहतो.

नोंदक व व्यत्यय : काही साधनांचे नियंत्रण त्यांच्या नोंदकांत म्हणजे रजिस्टरांत लिहून करावे लागते. यासाठी २००७ मध्ये लिनक्समध्ये यूआयओ ही सोय समाविष्ट झाली. तीत ‘एममॅप’ या आवाहनाने नोंदक आज्ञावलीच्या स्वतःच्या पत्त्यांत दिसू लागतात. त्यांच्याकडे निर्देश करणारा दर्शक ‘व्होलटाइल’ या विशेषणाने घोषित करणे आवश्यक असते; एरवी मूल्य बदललेले नाही असे गृहीत धरून कंपायलर पुनर्वाचन गाळू शकतो. साधनाकडून व्यत्यय-संकेत येईपर्यंत ‘रीड’ हे आवाहन आज्ञावलीस थांबवून ठेवते व नंतर एकूण व्यत्ययांची संख्या चार बाइटांत देते. दोन वाचनांतील फरक एकाहून अधिक असल्यास मधले व्यत्यय हुकले, हे चालकास कळते. तथापि व्यत्ययाची पहिली दखल गाभ्यातील छोट्या भागालाच घ्यावी लागते. साधनाने संकेत धरून ठेवला असता तो तेथेच रोखला नाही, तर प्रक्रियक पुन्हापुन्हा व्यत्ययाकडेच वळेल आणि वापरकर्ता-क्षेत्रातील आज्ञावलीची पाळीच येणार नाही.

मर्यादा : गाभा व आज्ञावली यांच्यातील प्रत्येक ये-जा वेळ घेते, म्हणून वारंवार आवाहने कराव्या लागणाऱ्या वेगवान साधनांच्या बाबतीत हा खर्च जाणवतो. शिवाय संरक्षण संपूर्ण नसते. प्रक्रियकाला वगळून थेट स्मृतीत लिहू शकणाऱ्या साधनाला चालकाने चुकीचा पत्ता दिला, तर ते गाभ्याची स्मृतीही बिघडवू शकते. त्यामुळे साधनाला ठरावीक स्मृतीपुरतेच मर्यादित ठेवणारे यंत्रांग आवश्यक ठरते; त्याचा उपयोग करणारी व्हीएफआयओ ही सोय लिनक्समध्ये २०१२ मध्ये आली. अँड्रू टॅनेनबाउम यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या मिनिक्स ३ (२००५) या प्रणालीत चालक गाभ्याबाहेर ठेवलेले असून बंद पडलेला चालक बहुधा आपोआप पुन्हा सुरू केला जातो.

मंदगती संवेदक, प्रयोगशाळेतील उपकरणे व नव्या साधनांची चाचणी यांसाठी वापरकर्ता-क्षेत्रातील चालक विशेष सोयीचे ठरतात. अशा ठिकाणी काही सूक्ष्मसेकंदांचा विलंब सहसा चालतो. एका चुकीमुळे सबंध संगणक बंद पडणे मात्र परवडत नाही.